मालक जागेवर नसताना

लहान उद्योजकाला ‘आता जरा बाजूला व्हा, सगळे स्वतःच करत बसू नका’ असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. डॉक्टर सांगतात, घरचे सांगतात, व्यवस्थापनावर व्याख्याने देणारे तर सांगतातच. सल्ला योग्य असतो. पण बाजूला व्हायचे म्हणजे नेमके कशातून, हे त्यात कुणी सांगत नाही. भोसरीतले पंधरा-वीस माणसांचे एखादे मशीन शॉप घ्या. चार सीएनसी, एक व्हीएमसी, कोपऱ्यात दोन जुनी लेथ. सकाळी मालकाने गाडी लावायच्या आत प्रश्न सुरू होतात. कालच्या लॉटमधल्या अकरा नगांचा बोअर वीस मायक्रॉनने मोठा लागलाय, पाठवायचे की बाजूला काढायचे? इन्सर्ट संपत आलेत आणि नेहमीच्या डीलरकडे माल नाही, दुसऱ्याकडून चढ्या भावाने आणायचे का? सेटर आलेला नाही, रात्रपाळीच्या पोराला ओव्हरटाइमवर थांबवायचे का? टेम्पो भरून उभा आहे आणि ई-वे बिलाचा ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर गेलाय. यातला एकही प्रश्न अवघड नाही. मालक प्रत्येकाचे उत्तर अर्ध्या मिनिटात देतो आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न, फक्त आकडे बदलून, पुन्हा त्याच्यापुढे येतात. दिवसाचे दहा-बारा तास जातात ते असे. याला तो ‘धंदा सांभाळणे’ म्हणतो आणि त्यात खोटे काही नाही, कारण तो नसला तर टेम्पो खरोखरच उभा राहतो.

या पुस्तकाचे म्हणणे असे आहे की, मालकाला जागेवर खिळवून ठेवतात ते हे रोजचे, ठरीव स्वरूपाचे निर्णय. ते त्याच्याकडेच येतात, कारण ते कसे घ्यायचे याचे नियम त्याच्या डोक्याबाहेर कुठे नसतात. म्हणून बाजूला होण्याला एक क्रम आहे. आधी नोंद, मग मर्यादा, मग माणूस, आणि सगळ्यात शेवटी अंतर. बहुतेक मालक याच्या नेमके उलटे जातात. थकवा असह्य झाला की एखादा ‘अनुभवी’ मॅनेजर आणतात, त्याला ‘आता सगळे तुम्हीच बघा’ म्हणतात आणि पंधरा दिवस गावी जाऊन येतात. परत येऊन पाहतात तो ऑर्डर रखडलेली, एक ग्राहक नाराज, स्टोअरमध्ये नको तो माल पडलेला. मॅनेजर जातो, मालक पुन्हा खुर्चीत बसतो आणि पुढली दहा वर्षे सांगत राहतो की हल्ली माणसेच चांगली मिळत नाहीत. त्या मॅनेजरला वीस मायक्रॉनचा नियम कुणी सांगितला होता, किती रुपयांपर्यंतची खरेदी त्याने न विचारता करायची हे कधी ठरले होते, हे प्रश्न कुणी विचारत नाही.

हे पुस्तक कुणासाठी नाही, हेही सांगून टाकतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ मधल्या ७३व्या फेरीनुसार देशात शेतीबाहेरचे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग सुमारे ६.३४ कोटी होते, त्यांपैकी महाराष्ट्रात अर्ध्या कोटीला थोडे कमी, म्हणजे ४७ लाखांच्या वर. पण याच पाहणीत असेही दिसते की असंघटित उद्योगांपैकी पाचांतल्या चारांहून अधिकांकडे एकही पगारी माणूस कायमचा नाही. चहाची टपरी एकट्याने चालवणाऱ्याला ‘काम सोपवा’ म्हणणे ही चेष्टा होईल. त्याला हवे आहे ते भांडवल, जागा आणि आजारपणातले संरक्षण, आणि तो वेगळा विषय आहे. इथे बोलायचे आहे ते पाच ते पन्नास माणसे पोसणाऱ्या मालकाबद्दल, ज्याच्याकडे हात आहेत, पण निर्णय घेणारे डोके एकच आहे. पुण्यातल्या दुकानांच्या दुपारच्या एक ते चारच्या पाटीवर विनोद पुष्कळ झाले. मालक जेवायला गेला की दुकान बंद, हा तिचा सरळ अर्थ मात्र हसण्यात निघून गेला.

पुरावा काय, असे विचारणाऱ्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा आपल्या दारातच आहे. मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतले उंबरगाव या पट्ट्यातल्या सुती कापड विणणाऱ्या कारखान्यांत २००८ पासून एक प्रयोग झाला. निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी, जॉन रॉबर्ट्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सतरा कंपन्या, अठ्ठावीस कारखाने, सगळे कुटुंबांच्या मालकीचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काही कारखान्यांना एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसे पाच महिने विनामूल्य दिली गेली, तर इतरांना फक्त महिनाभराची तपासणी. सल्लागारांनी काही जादू केली नाही. मागावर कापडात दोष आला तर तो कुठल्या प्रकारचा आणि कुठल्या मागावर, हे रोज लिहायचे आणि त्या आकड्यांवर रोज थोडा वेळ बसायचे. यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता त्याची देखभाल ठरल्या दिवशी करायची. सुताचा साठा किती, कुठल्या रंगाचा, किती जुना, याची यादी ठेवायची. सुटे भाग आणि हत्यारे एका जागी, नावाने लावून ठेवायची. अशा एकंदर ३८ सवयी. पहिल्याच वर्षी उत्पादकता सुमारे १७ टक्के वाढली, कापडातले दोष घटले, पडून राहिलेला माल कमी झाला आणि तीन वर्षांत या कंपन्यांनी इतरांपेक्षा अधिक नवे कारखाने काढले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातला खरा मुद्दा टक्केवारीचा नाही. मदत मिळालेल्या कारखान्यांत मालक आपोआप थोडे मागे सरकले आणि कारखान्याच्या मॅनेजरला अधिक निर्णय घेऊ देऊ लागले, ही त्याची एक बाजू. त्यांना ‘विश्वास ठेवा’ असा उपदेश कुणी केला नव्हता. रोजचे आकडे टेबलावर येऊ लागल्यावर मागांमध्ये फिरून डोळ्यांनी खात्री करण्याची गरजच कमी झाली. दुसरी बाजू त्याहून बोलकी आहे. या कंपन्या किती मोठ्या होऊ शकल्या हे पाहताना संशोधकांना आढळले की आकाराशी सर्वांत घट्ट नाते मालकाच्या घरातल्या पुरुषांच्या संख्येचे होते, कारभाराच्या दर्जाचेही त्यापुढे फिके पडत होते. तीन भाऊ असतील तर तीन कारखाने, एकच मुलगा असेल तर तिथेच थांबायचे. बाहेरच्या माणसाच्या हाती पैसा आणि माल द्यायचा नाही, आणि मुलींना कारखान्यात बसवायचे नाही, या दोन अलिखित नियमांनी उद्योगाची उंची ठरवली होती. या कंपन्या सरासरी अडीचशेहून अधिक माणसांच्या होत्या, म्हणजे भोसरीच्या शॉपपेक्षा कितीतरी मोठ्या. तरी त्यांचे दुखणे तेच निघाले. आकार वाढला म्हणून ते आपसूक बरे होत नाही.

इथे पहिला आणि सगळ्यात जुना आक्षेप येतो. नजर हटली की माल जातो आणि गल्ल्यातली नोटही जाते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. चोरी होते, आणि दहा-वीस हजारांच्या अफरातफरीसाठी पोलीस ठाणे आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे लहान माणसाला परवडत नाही. तेव्हा मालकाची भीती व्यवहारी आहे. पण तिच्यावरचा त्याचा उपाय, म्हणजे स्वतः गल्ल्यावर बसणे, महागडाही आहे आणि गळकाही. जो माणूस गल्ल्यावर बसून एकाच वेळी फोन, गिऱ्हाईक आणि पुरवठादार सांभाळतो, त्याला संध्याकाळी किती माल गेला आणि किती पैसे आले याचा मेळ लागतोच असे नाही. साधे खानावळीचे उदाहरण घ्या. किती ताटांचा भात शिजला, किती ताटे गेली, किती उरले, हे तीन आकडे रोज रात्री लिहिले तर मालक कोल्हापुरात असो वा कणकवलीत, आठवड्याभरात गळती कुठे आहे ते कळते. न लिहिता तिथे बारा तास बसणाऱ्याला ती वर्षभर कळत नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत या बाबतीत मालकाचे नशीब बरेच पालटले आहे. क्यूआर कोडवर आलेले पैसे थेट खात्यात जातात, काउंटरवरचा स्पीकर रक्कम मोठ्याने सांगतो आणि विकणाऱ्या पोराचा हात नोटेला लागतही नाही. बँकेच्या व्यावसायिक खात्यात अकाउंटंटने पेमेंट तयार करायचे आणि मालकाने मोबाइलवरून मंजूर करायचे, अशी सोय आहे. ई-वे बिलाच्या पोर्टलवर दुसऱ्याच्या नावाने सब-युजर काढता येतो. तरीही असंख्य ठिकाणी टेम्पो ओटीपीसाठी उभाच असतो, कारण ती अर्ध्या तासाची मांडणी करायला मालकाला वेळ झालेला नसतो. भरवसा आधी आणि काम मागून, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मोजता येण्याजोगे काम हाती दिले, त्याची नोंद तपासली आणि ती सहा महिने बरोबर आली, की मग भरवसा बसतो.

दुसरा आक्षेप हाताच्या कसबाचा. आमच्या मिसळीचा मसाला, आमच्या साच्याचे फिनिशिंग, आमच्या पैठणीची वीण कागदावर कशी उतरणार? ती पूर्ण उतरत नाही, हे मान्य. पण कसब आणि बाकीचे काम एकमेकांत गुंतवून ठेवायची सक्ती नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाची पद्धत या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. चव जिथे ठरते ते पीठ मळण्याचे काम शाखेत, एका ठिकाणी, ठरल्या मापाने होते. मळलेले पीठ वजन करून बायका घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि पापड परत आणून देतात. तिथे ते तपासून, तोलून घेतले जातात. म्हणजे जे बिघडले तर सगळेच बिघडेल ते केंद्राच्या हातात, जे शिकवता येते ते घरोघर, आणि दोहोंच्या मध्ये तपासणी. मिसळवाल्या मालकाने मसाला स्वतःच्या हाताने, दार लावून, आठवड्यातून एकदा करावा. त्याला कुणाची हरकत नाही. त्यासाठी रोज पहाटे पाचला मटकी शिजताना उभे राहायची गरज नाही. लिज्जतच्या भगिनी सभासद असतात, पगारी नोकर नव्हेत, हा फरक खरा आहे आणि त्याने आपुलकीत फरक पडतो. कामाची वाटणी मात्र नोकरांच्या बाबतीतही तशीच करता येते. सभासद आणि नोकर यांतल्या याच फरकामुळे मुंबईच्या डबेवाल्यांचे नेहमीचे उदाहरण या पुस्तकात टाळले आहे. तिथे बहुतेक माणसे मावळ-खेड-जुन्नरच्या एकाच पट्ट्यातली, नात्यागोत्याची आणि धंद्यात वाटेकरी. डब्यावरच्या खुणांची पद्धत थोर आहे, पण ती ज्या सामाजिक घडणीवर उभी आहे ती एमआयडीसीतल्या शेडमध्ये आणता येत नाही. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत मात्र खुणा तेवढ्या सांगतात, घडण सांगत नाहीत.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो. शिकवलेला माणूस उद्या शेजारच्या गाळ्यात आपलेच गिऱ्हाईक घेऊन बसेल. बसतो, हे खरे आहे. भोसरीतली आणि शिरोलीतली कितीतरी शॉप पूर्वीच्या सुपरवायझरांनीच काढलेली आहेत. आजचा घाबरलेला मालकही बऱ्याचदा तसाच निघालेला असतो. पण तो माणूस जाताना घेऊन जातो ते काय? मालकाने काहीच लिहून ठेवलेले नसेल तर तो सेटिंगची मापे, ग्राहकाच्या खोडी, कुठल्या ड्रॉइंगवर कुठली गडबड होते हे सगळे डोक्यात घेऊन जातो आणि मागे काहीच उरत नाही. लिहिलेले असेल तर तो त्याची एक प्रत घेऊन जातो आणि मूळ मालकाकडेच राहते. नोंद न ठेवल्याने गुपित राखले जाते असे मालकाला वाटते, प्रत्यक्षात तो एका माणसाच्या मर्जीवर येतो. एकच सेटर दोन दिवस रजेवर गेला की सगळे शॉप कसे गप्प बसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा वेगळा पुरावा नको.

आता मदत करणाऱ्यांविषयी, कारण पुस्तक मालकाइतकेच त्याच्या सीएसाठी, सल्लागारासाठी, घरात परतलेल्या शिकल्यासवरल्या मुलीसाठीही आहे. तारापूरच्या प्रयोगात ज्यांना फक्त महिनाभराची तपासणी मिळाली त्यांच्यात बदल थोडाच झाला. काय चुकते आहे हे कळले, म्हणून ते सुधारले नाही. ज्यांच्याकडे माणूस आणखी चार महिने कारखान्यात येऊन बसत राहिला, त्यांच्यात सवयी रुजल्या. मालकाला अहवालाची पाने नको असतात. पहिले काही आठवडे नोंदवही भरली गेली का ते पाहणारा, न भरल्यास न चिडता पुन्हा सांगणारा, एखादा रकाना निरुपयोगी दिसला तर तो काढून टाकणारा माणूस लागतो. असा माणूस लहान धंद्याला परवडत नाही, हा आक्षेप मोठा आहे आणि बराचसा बरोबरही आहे. २०२३ मध्ये नव्याने सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘लीन’ योजनेत लघुउद्योगांसाठी सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलते. ती चांगली आहे, मात्र तिचा रोख उत्पादन करणाऱ्यांवर आहे. खानावळ, गॅरेज किंवा कापड दुकानाच्या मालकाला तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी मदतनीस घरातूनच किंवा कामावरच्या माणसांतूनच उभा करावा लागतो, आणि पुस्तकातला सर्वांत मोठा भाग त्यावरच खर्च झाला आहे.

आणि टिकते का, हाही प्रश्न आहे. याचे उत्तर गोड नाही. त्याच संशोधकांनी नऊएक वर्षांनी तारापूरला परत जाऊन पाहिले तेव्हा मूळ कारखान्यांत रुजवलेल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या. मदत न मिळालेल्या कारखान्यांच्या ते तरीही बरेच पुढे होते, आणि पुष्कळ सवयी त्याच कंपनीच्या इतर कारखान्यांत पसरल्याही होत्या. सुटण्याची जी कारणे सांगितली गेली त्यांत दोन ठळक होती. मॅनेजर बदलला, आणि मालक-संचालकांना वेळ मिळेना. हे दुसरे कारण वाचून हसू येते, पण त्यात तथ्य आहे. मागे सरकलेला मालक नोंदी वाचायचेही सोडून देतो. मग त्या भरणाऱ्याला कळते की कुणी पाहत नाही, आणि तो त्या अंदाजाने भरू लागतो. बाजूला होणे आणि दुर्लक्ष करणे यांतले अंतर आठवड्यातल्या त्या एका तासाचे आहे, ज्यात मालक आकडे घेऊन बसतो आणि दोन प्रश्न विचारतो. तो तास सोडला की आधीचे सगळे कष्ट वाया जातात.

मग मालकाने करायचे काय? रिकामे बसायचे असे इथे कुणी सुचवलेले नाही. भाव ठरवणे, नवा ग्राहक जोडणे, कुठले काम नाकारायचे ते ठरवणे, कर्ज कधी काढायचे ते पाहणे, ही कामे त्याचीच राहतात आणि आज तीच रात्री साडेदहानंतर उरकली जातात. वसुलीचेच पाहा. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून वेळेत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी प्राप्तिकरात मिळत नाही. या दोन नियमांचा लाभ घ्यायला उद्यम क्रमांक बिलावर असणे, लेखी अटी असणे आणि कुठले बिल कितव्या दिवसाला आहे याची चालू यादी असणे पुरते. ती यादी अकाउंटंट ठेवू शकतो, पहिली दोन स्मरणपत्रेही तोच पाठवू शकतो. मालकाने फोन करायचा तो तिसऱ्या वेळी, मोठ्या ग्राहकाला, आणि तोही संबंध न बिघडवता. ‘शेठ स्वतः असले की गिऱ्हाईक येते’ हे म्हणणेही या बाजूने पाहावे. गिऱ्हाइकाला शेठ भेटायला हवे असतात, वजन करायला किंवा पावती फाडायला नव्हे.

शेवटी, बाजूला व्हायची वेळ मालकाच्या सोयीने येईलच असे नाही. आपल्याकडचे जवळपास सगळे लहान उद्योग प्रोप्रायटरी आहेत. कायद्याच्या नजरेत तिथे माणूस आणि धंदा एकच. मालक अचानक गेला तर त्याच्या नावावरचे खाते चालवता येत नाही, जीएसटी क्रमांक त्याच्या पॅनवर असल्याने वारसाला नवा घ्यावा लागतो, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या किंवा न्यू जर्सीत स्थिरावलेल्या मुलाला कुणाकडून किती येणे आहे हेही सांगता येत नाही. धंदा विकायचा म्हटले तरी घेणारा शेडचा आणि मशीनचा भाव करतो. तीस वर्षांच्या ग्राहकांचा आणि अनुभवाचा भाव होत नाही, कारण तो दाखवता येईल असे काही नसते. भागीदारी, एलएलपी किंवा कंपनी करून यातला कायद्याचा भाग सुटतो, बाकीचा सुटत नाही.

पुस्तकाचे पहिले प्रकरण त्यामुळे अगदी लहान ठेवले आहे. त्यात मालकाने तीन आठवडे काहीही बदलायचे नाही. आपल्याकडे येणारा प्रत्येक प्रश्न फक्त लिहायचा आहे: कुणी विचारला, काय विचारले, आपण काय उत्तर दिले आणि ते देताना कशाचा विचार केला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कुठले प्रश्न पुन्हा पुन्हा आले हे त्या वहीतच दिसते, आणि दुसरे प्रकरण त्यांच्यापासून सुरू होते.